छातीतली शिट्टी



आज आम्ही दम्याविषयी बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. जन्मभर हातात खडू धरला. पण एका मुलाच्या बाबतीत आमच्या हातून चूक झाली, ती आधी सांगतो.

सातवीत एक मुलगा होता. अभ्यासात बरा. कवायतीला मात्र दोन फेऱ्या झाल्या की खाली बसे. आम्ही त्याला कामचुकार म्हटले. एकदा छडीही मारली. तो काही बोलला नाही. बोलायला छातीत वारा नव्हता, हे आम्हाला कळले नाही.

पुढे बाजरीची मळणी सुरू झाली. एके रात्री त्याचा बाप आमच्या दारात आला. म्हणाला, "गुरुजी, पोराला बोलता येईना झालंय." आम्ही गेलो. पोर पुढे वाकून बसलेले. हात गुडघ्यांवर टेकलेले. बरगड्या आत ओढल्या जात होत्या. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. गाडी मिळेपर्यंत दीड तास गेला. पोर वाचले. मग आईने सांगितले, धाप दोन वर्षांपासून होती. लोक नावे ठेवतील म्हणून घरात झाकून ठेवली होती.

यात झाकण्यासारखे काय आहे? दमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आपल्या छातीत श्वासाच्या बारीक नळ्या असतात. दमेकऱ्याच्या नळ्या आतून सुजलेल्या असतात. धूळ, चुलीचा धूर, बिडी, गार वारा, पडसे, यांतले काही झाले की त्या आवळतात. आत चिकट कफ साठतो. वाट अरुंद होते, म्हणून शिट्टी वाजते. रात्री आणि पहाटे त्रास वाढतो. मधले दिवस माणूस ठणठणीत दिसतो, आणि तेथेच सगळे फसतात. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर मात्र क्षयाचीही तपासणी करून घ्यावी.

दम्यावर औषध आहे. ते पंपाने ओढायचे. हा पंप निघाला त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 1955 साली अमेरिकेत एका औषध कारखान्याच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तेव्हा रबरी फुगा दाबून काचेच्या नळीतून औषध घेत. ती नळी फुटे. मुलगी बापाला म्हणाली, केसांचा फवारा डब्यात मिळतो, मग माझे औषध का नाही? बापाने ते मनावर घेतले. 1956 साली पंप बाजारात आला. मुलांचे ऐकून घ्यावे ते असे. आम्ही ऐकले नव्हते.

पंपाची सवय लागते, असे लोक म्हणतात. चष्म्याला कोणी व्यसन म्हणते का? उलट हिशेब पाहा. साल्ब्युटामॉलच्या लहान गोळीत 2 मिलिग्रॅम औषध असते. ते सगळ्या अंगात फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाच्या एका दाबात त्याचा विसावा भाग असतो, आणि तो थेट नळ्यांत जातो.

पण हा पंप आवळलेल्या नळ्या सैल करतो, सूज उतरवीत नाही. सुजेचे औषध वेगळे. ते बरे वाटले तरी रोज घ्यावे लागते. काही पंपांत दोन्ही एकत्र असतात. तुमचा कोणता, हे डॉक्टरांना विचारा. आमच्या त्या मुलाच्या बापाने महिनाभरात रोजचा पंप बंद केला होता. "आता बरा हाय की!" पुन्हा तीच रात्र आली.

कोजागिरीला खिरीतून दम्याचे औषध देतात. खीर खुशाल खा. मात्र पंप बंद करू नका.

जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे आठवा हिस्सा भारतात आहे. दम्याने मरणाऱ्या दर 100 माणसांत मात्र 40 हून अधिक भारतातली असतात, असा अंदाज आहे. औषध असून ही गत.

पैशाचे म्हणाल, तर महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि पंप मागा. तेथे संपला असेल तर जनऔषधी दुकानात विचारा. तेथे औषध स्वस्त मिळते.

वाक्य पुरे बोलता येईना, ओठ निळसर झाले, पंपाने उतार पडेना, तर सकाळची वाट पाहू नका. माणसाला आडवे करू नका, बसवून ठेवा. आराम देणारा पंप देत राहा आणि 108 ला फोन लावा.

आता हा रिकामा पंप पाहा. आधी हलवायचा. श्वास सावकाश बाहेर सोडायचा. ओठांत घट्ट धरायचा. हळूहळू श्वास आत ओढू लागायचे आणि त्याच वेळी दाबायचा. मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा. सुजेचे औषध असेल तर नंतर चूळ भरायची. लहान मुलांना मध्ये प्लास्टिकचा डबा लावून देतात, त्याला स्पेसर म्हणतात. पूड ओढायच्या यंत्रात कॅप्सूल घालतात, ती गिळायची नसते. गिळणारे आम्ही पाहिले आहेत.

ज्यांच्या घरी पंप आहे त्यांनी पुढे यावे, आणि कसा घेता ते करून दाखवावे. आधी मागच्या ओळीतल्या बायांनी या.