आपत्तीची वार्ता आणि भाषा समिती

जैन आचारधर्मातील पाच समित्यांमध्ये भाषा समितीला मानाचे स्थान आहे. वचन हितकारक, परिमित व निर्दोष असावे, ही तिची अपेक्षा. साधूंसाठी सांगितलेली ही कसोटी आपत्तीची वार्ता देणाऱ्यांनाही लावून पाहण्याजोगी आहे.

ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळामुळे अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर जलमय झाले. छातीभर पाण्यातून खाद्यवस्तू घेऊन निघालेल्या माणसांची दोन छायाचित्रे दोन वृत्तसंस्थांनी प्रसृत केली. एकात कृष्णवर्णीय तरुण होता. त्याने किराणा दुकान 'लुटले', असे चित्राखाली लिहिले गेले. दुसऱ्यात गौरवर्णीय स्त्री-पुरुष होते. त्यांना पाव व शीतपेय 'सापडले', असे म्हटले गेले. पुढे खुलासे झाले. तो तरुण दुकानात शिरताना दिसला होता आणि इतरांच्या वस्तू पाण्यावर तरंगत आल्या होत्या, असे सांगण्यात आले. अनेकांताचा उपासक हेही ऐकून घेईल. तथापि, दुकानात शिरणे डोळ्यांना दिसते. 'लूट' हा मात्र निवाडा आहे. उपाशी माणसाविषयी तो एका शब्दात दिला गेला, तर वाचकाच्या मनातील करुणा तेथेच आटते.

निवाडा शब्दांनी होतो, तसा तो मौनानेही होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. ढिगारे, चिता आणि आक्रोश यांची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. ती खरीच होती. पण आपद्ग्रस्ताचे आयुष्य त्या क्षणापाशी संपत नाही. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. त्यांच्या अभ्यासाची वर्षे एका छायाचित्रात मावणारी नव्हती. रडणारे मूल सर्वांच्या स्मरणात राहते. शिकून उभे राहिलेले मूल क्वचितच बातमीचा विषय होते.

हा दोष केवळ पत्रकारांचा नाही. मदतीचे वाटप करणाऱ्या संस्थाही धान्याची पिशवी स्वीकारणाऱ्याला छायाचित्रासाठी थांबवून ठेवतात. काल-परवापर्यंत स्वतःच्या शेतातले धान्य इतरांना देणारा तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात याचक म्हणून छापला जातो. गुप्तदानाची थोर परंपरा सांगणाऱ्या समाजाला हे शोभणारे नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक धर्मादाय संस्थेने एक नियम करावा: मदत घेणाऱ्याचा चेहरा त्याच्या संमतीवाचून छापू नये. दिलेल्या अन्नाने भूक भागते. राखलेल्या सन्मानाने माणूस पुन्हा उभा राहतो.