श्रमिकाचा हात आणि थरथरते यंत्र

(शिर्डी येथे संस्थेच्या सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून धम्मावर बोलले जाते, शिक्षणावर बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. आज मात्र आम्ही एक साधा विषय घेतला आहे. तो म्हणजे कामगाराचा हात. आम्ही डॉक्टर नाही, इंजिनिअरही नाही. बँकेतला कारकून आणि कला शाखेचा पदवीधर, एवढीच आमची ओळख. पण ज्या वस्तीत आपण राहतो, तिथल्या घराघरांतली चूल याच हातावर पेटते. म्हणून हा विषय आपला आहे.

साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी देह ठेवला, तेव्हा शिर्डी हे लहानसे खेडे होते. आज लॉज, हॉटेले, भक्तनिवास, रस्ते यांचे काम इथे कधी थांबत नाही. काकडीचे विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. भाविक वाढले, तसे बांधकाम वाढले. जुने पाडायचे, नवे उभारायचे, फरशी बदलायची, बाथरूम नव्याने करायचे. आणि या प्रत्येक कामात कोणाच्या तरी हातात एक थरथरणारे यंत्र असते. काँक्रीट फोडणारा ब्रेकर, फरशी कापणारा कटर, घासणारा ग्राइंडर, काँक्रीट बसवणारा व्हायब्रेटर. आसपासच्या खेड्यांत विहीर खोदायची तर काळ्या पाषाणात भोके पाडण्यासाठी ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरवर चालणारा जॅकहॅमर. पहार आणि घण यांनी पूर्वी आठवडा लागे, ते काम यंत्राने एका दिवसात होते. यंत्राला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच, की यंत्र हातात जे सोडून जाते त्याचा हिशेब कोण ठेवतो?

हा विकार नवा नाही. १९११ साली इटलीत लोरिगा नावाच्या डॉक्टरांनी हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या कामगारांच्या बोटांविषयी लिहिले. इकडे बाबांनी देह ठेवला त्याच १९१८ साली अमेरिकेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या विदुषी इंडियाना राज्यातील बेडफर्ड या गावी गेल्या. तिथे चुनखडीचा दगड घडवणारे कारागीर हवेचा हातोडा वापरत. थंडीच्या सकाळी त्यांची बोटे पांढरीफटक पडत, बधिर होत, रक्त परत आले की ठणकत. हॅमिल्टनबाईंनी कामगारांना स्वतः तपासले आणि दोष हातोड्याच्या कंपात व थंडीत आहे असे दाखवून दिले. म्हणजे ही गोष्ट जगाला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

होते काय, ते आता पाहू. यंत्र एका सेकंदात कितीतरी वेळा मागेपुढे हलते. तो कंप मुठीतून बोटांत आणि हातात शिरतो. बोटांच्या टोकाला रक्त नेणाऱ्या वाहिन्या फार बारीक असतात, स्पर्शाची जाणीव देणारे मज्जातंतूही नाजूक असतात. रोज तासन्‌तास हादरे बसले की दोन्ही दुखावतात. सुरुवातीला काम संपल्यावर हाताला मुंग्या येतात आणि थोड्या वेळाने जातात. मग त्या रात्री झोपेतून उठवू लागतात. मग थंड पाण्यात हात घातला किंवा पहाटे सायकल चालवली की बोटांची टोके पांढरी पडतात. शेवटी स्पर्शच कमी होतो. शर्टाचे बटण लागत नाही, सुईत दोरा जात नाही, हातातले नाणे पडले तरी कळत नाही.

दोन गोष्टी आपल्याकडच्या लोकांनी ध्यानात ठेवाव्यात. आपला प्रदेश उष्ण आहे. त्यामुळे बोट पांढरे पडण्याचे लक्षण थंड देशांच्या मानाने कमी दिसते, मुंग्या व बधिरपणा हीच लक्षणे पुढे येतात. दुसरे असे की, सावळ्या कातडीवर पांढरेपणा चटकन ओळखू येत नाही. त्यासाठी नखाखाली आणि बोटाच्या टोकाशी पाहावे. हे माहीत नसल्यामुळे आपला माणूस 'वात झाला' म्हणतो, 'वय झाले' म्हणतो, तेल चोळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच यंत्र हातात घेतो. रोग लवकर ओळखून यंत्रापासून हात दूर ठेवला, तर पुष्कळ सुधारणा होते. फार उशीर झाला, तर मज्जातंतूंची हानी कायमची राहते आणि तिला औषध नाही.

आमच्या काउंटरवर एक गृहस्थ येत. फरशी पॉलिशचे काम करीत. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण वडील अंगठा लावीत आणि आपण सही करतो याचा त्यांना रास्त अभिमान होता. पैसे काढण्याच्या स्लिपवर सावकाश, पूर्ण नाव लिहीत. काही वर्षांनी त्यांची सही जुळेनाशी झाली. अक्षरे वाकडी, रेघ तुटलेली. आम्ही नमुना सही पुन्हा घेतली, पण ती नवी सहीही पुढे जुळेना. पेन बोटांत धरल्याचे कळत नाही, असे ते म्हणाले. अखेर त्यांनी स्वतःच विचारले, "साहेब, अंगठा चालेल का?" त्यांचे पैसे सुरक्षित राहिले, व्यवहार झाला. पण विद्यार्थी मित्रांनो, विचार करा. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश मानून एका घराने अंगठ्यापासून सहीपर्यंतचा प्रवास केला. आणि त्या घरातला कर्ता माणूस निरक्षर नसताना अंगठ्याकडे परत गेला.

हे टाळता येते. कसे, त्याचे एक सोपे गणित आहे. कंपाचा जोर मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात मोजतात. युरोपीय संघाने २००२ साली केलेल्या निर्देशानुसार आठ तासांच्या दिवसाची सरासरी २.५ झाली की मालकाने उपाय सुरू करावयाचे आणि ५ च्या वर कामगाराला जाऊ द्यायचे नाही. आता समजा, एका ब्रेकरचा कंप १० आहे. तो ५ च्या दुप्पट आहे, म्हणून काय चार तास चालवता येईल? नाही. कंप दुप्पट झाला की वेळ निम्मा नव्हे, चौथा हिस्सा होतो. म्हणजे दोनच तास. कंप २० असेल तर अर्धाच तास! यात यंत्र प्रत्यक्ष चालू असल्याचा वेळ मोजायचा, चहाचा नाही. आपल्याकडे हजेरी आठ तासांची आणि ब्रेकर जवळजवळ दिवसभर हातात, हे चित्र कोणत्या हिशेबात बसते?

उपाय पाहू. पहिला उपाय यंत्र हाती घेण्याआधीचा. स्लॅब टाकतानाच पाइपांसाठी जागा सोडली, भिंत बांधतानाच वायरिंगची आखणी केली, तर मागाहून फोडाफोड निम्म्यावर येते. नकाशावर घालवलेला एक तास कामगाराच्या हाताचे कितीतरी तास वाचवतो. दुसरा उपाय यंत्राचा. बोथट छिन्नी, झिजलेली चकती, ढिले झालेले बेअरिंग यांनी कंप वाढतो आणि कामही लांबते. भाड्याने यंत्र आणताना त्याच्या माहितीपुस्तिकेत कंपाचा आकडा असतो, तो विचारावा आणि कमी कंपाचे घ्यावे. तिसरा उपाय वेळेचा. एकाच माणसाकडे ब्रेकर न ठेवता दोघा-तिघांनी पाळी लावावी. चौथा उपाय पकडीचा. मूठ जितकी घट्ट आवळावी तितका कंप हातात अधिक शिरतो. म्हणून यंत्र सुरक्षित राहील इतपतच धरावे, अंगाचा जोर लावू नये. पाचवा उपाय उबेचा. हात कोरडे व उबदार ठेवावेत, थंडीत हातमोजे घालावेत, आणि विडी-तंबाखू सोडावी, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आक्रसतात. इथे एक सावधगिरी सांगतो. कंपरोधक म्हणून विकले जाणारे हातमोजे ब्रेकरसारख्या जड यंत्राचा कंप फारसा थांबवत नाहीत. हातमोजे दिले म्हणजे कर्तव्य संपले, असे कोणी समजू नये.

खरी अडचण मात्र मजुरीची आहे, हे आम्ही जाणतो. पॉलिशचे काम फुटावर मोजले जाते. जो थांबला त्याचे फूट कमी झाले. मग पाळी कोण लावणार? म्हणून विश्रांतीचा आणि पाळीचा वेळ दर ठरवतानाच धरला पाहिजे. कामगाराला तब्येत आणि भाकरी यांतून एक निवडायला लावणे हा न्याय नव्हे.

आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, इथून जवळच, मनमाड येथे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, अशी स्पष्ट मांडणी त्यांनी तिथे केली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली. कामाचे तास कमी करणे म्हणजे शरीराचे रक्षण करणे, हे त्या कायद्याचे मर्म होते.

कायद्यात अजून उणीव आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवावयाच्या २९ रोगांची यादी होती. आवाजाने येणारा बहिरेपणा तीत होता, कंपाने होणारा हाताचा विकार नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मात्र १९८० सालीच तो आपल्या यादीत घेतला. ब्रिटनमध्ये १९८५ साली त्याला भरपाईयोग्य रोग मानले, आणि १९९८ च्या न्यायालयीन निकालानंतर तिथल्या कोळसा खाणींतील दीड लाखाहून अधिक दावे पुढे आले. रोग यादीत आला की मोजला जातो, आणि मोजला गेला की त्याची दाद लागते. आपल्याकडे बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांनी जादा आवाज व कंप यांपासून कामगाराचे रक्षण करण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही ठरवून दिलेल्या वर्गातील कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे. त्या तपासणीत हाताचाही प्रश्न विचारला जावा, अशी मागणी आपण केली पाहिजे.

आता धम्माकडे येतो. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. कामगाराच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची काळजी घ्यावी, चांगलेचुंगले त्याच्याबरोबर वाटून खावे, वेळोवेळी सुट्टी द्यावी. यातले पहिलेच कर्तव्य आजच्या आपल्या विषयाचे सार आहे. आणि मालक म्हणजे फक्त मोठा ठेकेदार नव्हे. आपल्या घराचे, आपल्या विहाराचे काम निघाले की आपणही मालक होतो. त्या दिवशी आपण ब्रेकर चालवणाऱ्या पोराला किती तास उभे करतो, यावर आपला धम्म जोखला जाईल.

शेवटी संस्थेपुढे चार कामे ठेवतो. एक, वस्तीत यंत्रावर काम करणाऱ्यांची नोंदवही करावी. कोण, कोणते यंत्र, किती वर्षे, हाताला मुंग्या येतात काय, एवढेच लिहावे. हे काम विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. दोन, ज्यांना त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना केवळ 'हात दुखतो' असे न सांगता कोणते यंत्र किती तास चालवतो हे सांगावे. तीन, वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर असणाऱ्या, १८ ते ६० वयाच्या प्रत्येकाची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी. अर्ज भरायला आणि खाते उघडायला आम्ही सुट्टीच्या दिवशी बसायला तयार आहोत. चार, संस्थेच्या कोणत्याही बांधकामात पाळी आणि विश्रांती यांची अट करारातच लिहावी.

शिर्डीत रोज हजारो हात जोडले जातात. ते ज्या फरशीवर उभे राहून जोडले जातात, ती घासणारे हातही शाबूत राहिले पाहिजेत. तेवढ्यासाठी आपण कामाला लागू या. एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!