गोंगाट आणि मोकळी जागा



या व्यासपीठावरून संगीताविषयीची व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली असतील. परंतु ज्या संगीताच्या नावाचा अर्थच 'टुकार', 'वाह्यात कार्टे' असा होतो, त्याविषयी ऐकण्याचा प्रसंग क्वचितच आला असेल. 'पंक' हा शब्द इंग्रजीत फार जुना आहे आणि कोणाचे कौतुक करण्यासाठी तो सहसा वापरला जात नसे. न्यूयॉर्क, लंडन आणि मँचेस्टर येथील काही तरुणांच्या अंगाला तो १९७६ च्या सुमारास चिकटला आणि त्यांनी तो खुशाल मिरवला. त्यांच्या काही निवडक तबकड्या ज्या क्रमाने निघाल्या साधारण त्याच क्रमाने, पहिल्या बाजूच्या आरंभापासून दुसऱ्या बाजूच्या शेवटापर्यंत सलग ऐकल्या असता काय कानी येते, तेवढेच सांगण्याचा आमचा आज बेत आहे. सुटे एखादे गाणे ऐकले तर आरडाओरड्याखेरीज फारसे काही हाती लागत नाही; आणि मग, 'यांना गाता येत नाही, वाजवता येत नाही', हा जो निकाल सर्वत्र दिला जातो तो आपणही देऊन मोकळे होतो.

मौज अशी की हा निकाल या संगीताचे विरोधक आणि भक्त दोघेही देतात. विरोधक शिवी म्हणून देतात, भक्त ओवी म्हणून गातात. एका हस्तलिखितवजा मासिकाने १९७७ च्या सुमारास गिटारवर बोटे ठेवण्याच्या तीन आकृत्या छापल्या आणि 'एवढे पुरे, आता आपला बँड काढा', अशा अर्थाचा सल्ला खाली दिला. ज्या समाजात गुरूपुढे बसून वर्षानुवर्षे षड्ज लावल्यावाचून मैफलीत बसण्याची परवानगी मिळत नाही, त्या समाजातील श्रोत्याला हा सल्ला ऐकून कानांवर हात ठेवावेसे वाटले तर त्यात नवल नाही. आम्हांलाही रियाझाची थट्टा खपत नाही. तथापि हे दोन्ही निकाल तबकड्यांच्या साक्षीवर टिकत नाहीत, असे आमचे म्हणणे आहे.

पहिली तबकडी न्यूयॉर्कची, 'रामोन्स', एप्रिल १९७६ मध्ये निघालेली. तिला खर्च आला सुमारे ६,४०० डॉलर. त्या काळच्या रॉक संगीतातील बडी मंडळी एका तबकडीसाठी महिनेच्या महिने स्टुडिओ अडवून बसत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळेल. चौदा गाणी आणि सगळा ऐवज एकोणतीस मिनिटांचा. तेवढ्या वेळात आपल्याकडे विलंबित ख्यालाची बढत जेमतेम तार सप्तकाकडे पाहू लागते! गिटारचा एकल आलाप जवळजवळ नाहीच. हात वरून खाली, वरून खाली, एकाच वेगाने चालतो. दोन कर्ण्यांवर ऐकावे तर एकीकडे गिटार, दुसरीकडे बेस, मधोमध ड्रम आणि आवाज. या तबकडीत श्वास घ्यायला जागा नाही. ती मुद्दामच ठेवलेली नाही, आणि ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी गाठ आहे.

याच शहरातील टेलिव्हिजन या बँडची 'मार्की मून' ही फेब्रुवारी १९७७ ची तबकडी ऐकली की 'वाजवता येत नाही' हे म्हणणे तिथल्या तिथे निकालात निघते. टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड यांच्या दोन गिटारींचा संवाद जुगलबंदीसारखा नाही. जुगलबंदीत एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने उत्तर द्यावे, येथे दोघी एकाच वेळी बोलतात आणि तरी एकमेकींच्या बोलण्यातील फटींतून ऐकू येतात. शीर्षकाचे गाणे दहा मिनिटांचे आहे. हे लोक रामोन्सच्याच अड्ड्यावर, बावरी रस्त्यावरील सीबीजीबी या कळकट मद्यगृहात वाजवीत, म्हणून त्यांच्यावरही तोच शिक्का बसला.

आता लंडनला यावे. १९७६ च्या ब्रिटनमध्ये दहा लाखांवर लोक बेकार होते. सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरला होता. आणि वर्णद्वेषावर पोसलेला नॅशनल फ्रंट हा पक्ष रस्त्यावर मोर्चे काढीत होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात एरिक क्लॅप्टन या नामांकित गिटारवादकाने, परदेशी लोकांना हाकला म्हणणाऱ्या एनॉक पॉवेलची भलावण केली. ज्या माणसाने निग्रोंच्या ब्लूजवर नाव मिळवले आणि दोनच वर्षांपूर्वी जमैकाच्या बॉब मार्लेचे गाणे गाऊन अमेरिकेत पहिला क्रमांक पटकावला, त्याने हे बोलावे! या संतापातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. हा सगळा संदर्भ मनात धरून सेक्स पिस्टल्सची तबकडी ऐकली पाहिजे.

'नेव्हर माइंड द बोलॉक्स' ही ऑक्टोबर १९७७ ची. नावातील एका शब्दापायी नॉटिंगहॅमच्या एका दुकानदारावर १८८९ च्या अश्लील जाहिरातींच्या कायद्याखाली खटला भरला गेला आणि तेथील विद्यापीठाचे इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्स्ली यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून त्या शब्दाची हजारेक वर्षांची कुळकथा सांगितली; दुकानदार सुटला. व्युत्पत्तिशास्त्राचा इतका रोकडा उपयोग आम्ही दुसरा पाहिलेला नाही. पण मूळ मुद्दा असा की ही तबकडी अडाण्यांनी एका बैठकीत बडवलेली नाही. निर्मात्यांत ख्रिस थॉमस होते. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या सुप्रसिद्ध तबकडीचे मिश्रण करताना याच गृहस्थांचे कान कामी आले होते, आणि पिस्टल्सचा गायक तर 'पिंक फ्लॉइडचा मला तिटकारा आहे', असे लिहिलेला सदरा घालून हिंडत असे! स्टीव्ह जोन्सने गिटारचे थरावर थर चढवले आणि बहुतेक बेसही स्वतःच वाजवला. क्रांतीचा झेंडा म्हणून जी तबकडी नाचवली गेली ती आमच्या मते या सगळ्यांत सर्वांत बंदिस्त, चिरेबंदी बांधणीची आहे. तीत संताप खरा आहे, पण वारा खेळत नाही. आणि केवळ लोकांना डिवचण्यासाठी त्या मंडळींच्या अवतीभवतीच्यांनी नाझींचे चिन्ह दंडावर बांधले, हे कोणत्याही कलेच्या नावाखाली आम्हांला क्षम्य वाटत नाही.

परवानगी न मागता काम करणे कशाला म्हणतात हे पाहायचे तर मँचेस्टरच्या बझकॉक्सची जानेवारी १९७७ ची चार गाण्यांची छोटी तबकडी, 'स्पायरल स्क्रॅच', पाहावी. घरच्यांकडून, मित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले, डिसेंबरातल्या एका दिवशी काही तासांत ध्वनिमुद्रण उरकले, आणि स्वतःच हजार प्रती काढल्या. वेष्टनावर कोणते गाणे कितव्या प्रयत्नात साधले आणि त्यावर मागाहून काही चढवले की नाही, हेही छापले. हलवायाने मिठाईच्या खोक्यावर कृती छापून द्यावी तसे हे झाले. ज्याने हे ध्वनिमुद्रण केले त्या मार्टिन हॅनेटचे नाव लक्षात असू द्यावे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. लंडनमध्ये पंकसाठी जो रॉक्सी नावाचा क्लब निघाला, तेथे बँडच्या मध्यंतरात तबकड्या लावण्याचे काम डॉन लेट्स याच्याकडे होते. त्याचे आईबाप जमैकाहून आलेले. पंकच्या तबकड्या तेव्हा निघाल्याच कितीशा होत्या? तेव्हा त्याने आपल्या घरचे संगीत लावले, रेगे आणि डब. डब म्हणजे ध्वनिमुद्रित गाण्यातून एकेक वाद्य काढून घेत जायचे. मध्येच गिटार नाहीशी व्हावी, आवाजाचा नुसता प्रतिध्वनी उरावा, आणि बेस व ड्रम यांच्यामध्ये अंगण झाडून ठेवल्यासारखी जागा मोकळी व्हावी. ज्या पोरांनी भिंतीसारखा गोंगाट उभा केला होता ती ही मोकळी जागा रात्रीमागून रात्री ऐकत राहिली. शिक्षण म्हणतात ते याहून निराळे काय असते?

एप्रिल १९७७ च्या 'द क्लॅश' या तबकडीवर त्याची पहिली खूण दिसते. दीड-दोन मिनिटांच्या गाण्यांच्या गर्दीत सहा मिनिटांचे एक गाणे बसले आहे. ज्युनियर मर्विन या जमैकाच्या गायकाचे 'पोलीस अँड थीव्ह्ज'. क्लॅशचा हात त्यात अजून अवघडलेला आहे. पण शेजाऱ्याच्या घरी प्रथमच जेवायला गेलेल्या माणसाचे अवघडलेपण आणि शेजाऱ्याला हाकला म्हणणाऱ्याची सफाई, यांत आम्ही पहिल्याच्याच पंगतीला बसू. एप्रिल १९७८ मध्ये व्हिक्टोरिया पार्कच्या मेळाव्यात स्टील पल्स या रेगे बँडबरोबर क्लॅश उभे राहिले. सोमाली बापाची मुलगी पॉली स्टायरीन हिचा एक्स-रे स्पेक्स हा बँडही तेथे होता. आणि २३ एप्रिल १९७९ रोजी, आपल्या देशबांधवांची मोठी वस्ती असलेल्या साउथॉलमध्ये नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध लोक जमले, पोलिसांशी चकमक झाली, ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला. तेव्हा पकडलेल्यांच्या बचावनिधीसाठीही क्लॅशने वाजवले. हे सगळे त्या मोकळ्या जागेत ऐकू येते, असे आम्ही म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

स्लिट्स या मुलींच्या बँडची 'कट' ही सप्टेंबर १९७९ ची तबकडी आमच्या विशेष आवडीची. बँड निघाला तेव्हा गायिका आरी अप चौदा वर्षांची होती. सुरुवातीचे त्यांचे वाजवणे म्हणजे नुसता कल्लोळ. पुढे बार्बाडोसमध्ये जन्मलेले डेनिस बोव्हेल निर्माते म्हणून लाभले, आणि त्यांनी या मुलींना कोणासारखे तरी वाजवायला लावले नाही; त्यांचेच तुकडे अंतराअंतरावर मांडले. काडेपेटी आणि चमचा हीदेखील येथे वाद्ये होतात. गाणे अडखळते, थांबते, पुन्हा चालू लागते, आणि कोठेही पडत नाही. सफाई नाही पण समज आहे. आम्हांला सफाईपेक्षा ती अधिक मोलाची वाटते.

मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनची 'अननोन प्लेझर्स' जून १९७९ ची. जून १९७६ मध्ये बझकॉक्सच्याच मंडळींनी मँचेस्टरला पिस्टल्सचा कार्यक्रम ठेवला होता. मोजक्याच श्रोत्यांत पीटर हुक आणि बर्नार्ड समनर हे दोघे होते, आणि त्यांनी तेथूनच वाद्ये घेण्याचे मनावर घेतले. तीन वर्षांनी हॅनेटने त्यांची तबकडी केली ती अशी की एकेक ठोका ओसाड गोदामात पडल्यासारखा वाटावा. आपले दणदणीत वाजवणे असे थंडगार झालेले ऐकून त्या दोघांचे पित्त खवळले! पण हॅनेटचेच बरोबर होते. गायक इयन कर्टिसने मे १९८० मध्ये आत्महत्या केली, वय तेवीस. तेव्हापासून लोक ही तबकडी शोकवार्तेसारखी ऐकतात, ते आम्हांला पसंत नाही. ती प्रथम चार जिवंत माणसांचे काम म्हणून ऐकावी.

'न्यू वेव्ह' म्हणजे नवी लाट, या नावाखाली जे आले त्यातील बराच माल पंकचीच हजामत करून, कोट चढवून बाजारात आणलेला होता. त्यात ब्लाँडीची 'पॅरलल लाइन्स' १९७८ ची, सुरेल आणि चोख. पोलीस या बँडमधील तिघे मुळातच तयारीचे वादक. केस पिवळे केले तेही च्युइंग गमच्या जाहिरातीसाठी. पण रेगेमधली मोकळी जागा त्यांनी नेमकी उचलली, आणि १९८० मध्ये मुंबईत येऊन टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेच्या कार्यक्रमात वाजवूनही दाखवली.

राहिली 'लंडन कॉलिंग', डिसेंबर १९७९ ची. दोन तबकड्या, एकोणीस गाणी, आणि किंमत एकीची. ती क्लॅशने कंपनीशी हुज्जत घालून लावून घेतली. शेवटचे गाणे इतके उशिरा आले की वेष्टनावर त्याचे नावच नाही. वेष्टनावरचे छायाचित्र पेनी स्मिथ यांचे. पॉल सिमोनन न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आपला बेस आपटून फोडतो आहे. चित्र पाहून लोक म्हणतात, हीच यांची वाद्यपूजा! पण हा सिमोनन १९७६ मध्ये बँडमध्ये आला तेव्हा त्याला बेस मुळीच वाजवता येत नव्हता; कोणता स्वर कोठे आहे हे कळावे म्हणून त्याने वाद्याच्या दांडीवर स्वरांची नावे रंगवून घेतली होती. ब्रिक्स्टन या जमैकन वस्तीच्या भागात त्याचे बालपण गेले. तीन वर्षांनी त्याने त्याच वस्तीचे नाव घालून स्वतः गाणे रचले, स्वतः गायले. त्यातील बेसची चाल रेगेची आहे, उसनी वाटत नाही, आणि प्रत्येक दोन स्वरांमध्ये पुरेशी जागा सोडलेली आहे.

आम्ही फार वेळ घेतला. यंत्रावर पहिल्या तबकडीची दुसरी बाजू लावून ठेवली आहे. 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' हे तीवरील पाचवे आणि अखेरचे गाणे. ज्यांना गाडी गाठायची नसेल त्यांनी तेवढे ऐकूनच जावे.