मिरचीच्या मुलखात दुखणे आले तर

धान निघाले की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतली कितीतरी कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. तिथे कुणी आजारी पडले की, “आपले कार्ड इथे कोण पाहणार?” म्हणून मजुरी बुडवून दुखणाइताला घेऊन गाव गाठतात. वाटेत दुखणे बळावते. वास्तविक २०१८ पासूनच्या योजनेतले आयुष्मान कार्ड तिथेही चालते. तेलंगण २०२१ मध्ये तीत आले. कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंत इलाज, पण योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावरच. साध्या तापाला सरकारी दवाखानाच बरा. बोलीची अडचण येते, हे खरे. मोहर्लीच्या गुरुजींनो, माणसे निघण्यापूर्वी कार्डावरचे नाव आधारशी जुळते का, तेवढे पाहून द्या. आणि योजनेचा १४५५५ हा फोन नंबर मुलांच्या वहीत लिहून द्या.