करुणेची दोन वळणं

करुणा घरातल्या संस्कारांतून येते की माणूस ती स्वतः शोधून काढतो? वरोऱ्याच्या आमटे दांपत्याकडे पाहिलं, तर दोन्ही वाटा दिसतात.

मुरलीधर आमटे, म्हणजे बाबा, १९१४ साली हिंगणघाटला जमीनदार घरात जन्मले. पुढे वकील झाले. वरोऱ्यात सफाई कामगारांचं काम समजून घ्यायला त्यांनी स्वतः डोक्यावर मैला वाहिला. त्याच काळात पावसात पडलेला एक कुष्ठरोगी त्यांना दिसला, तुळशीराम. बोटं झडलेली, जखमांत किडे. बाबा घाबरून पळाले. पण त्या भीतीची त्यांना चीड आली. ते परतले, त्याच्यावर आडोसा केला, त्याची शुश्रूषा केली. कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगावरचं शिक्षण घेतलं. १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं राहू लागलं. ही करुणा त्यांना भीतीशी झुंजून मिळाली.

बाबांच्या पत्नी साधनाताईंची गोष्ट वेगळी. नागपूरच्या जुन्या वळणाच्या, सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातली ही मुलगी. घरात लग्नाची गडबड चालू असताना ती हळूच मागे गेली आणि धुणं धुणाऱ्या म्हाताऱ्या बाईला मदत करू लागली. बाबांनी ते पाहिलं आणि हिच्याशीच लग्न करायचं ठरवलं.

आता सोवळ्याच्या घरात हे कुठून आलं? मला वाटतं, त्या घराने सेवेची सवय दिली. ती कोणापर्यंत न्यायची, हे मात्र ताईंनीच ठरवलं. आपल्या ‘समिधा’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रवास सांगितला आहे. जरूर वाचा.