तकोव्याचा मेंढपाळ

देवाचे नाव घेऊन कोणी आपल्या शत्रूची पापे मोजू लागला, म्हणजे ऐकायला किती गोड वाटते! आमोस संदेष्ट्याला हे पुरते ठाऊक होते. इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या मध्यास, दुसऱ्या यराबामच्या कारकीर्दीत, तो यहूदातील तकोवा गाव सोडून उत्तरेच्या इस्राएलात गेला. धंदा मेंढपाळाचा, जोडीला उंबराच्या जातीच्या झाडांची निगा. आपण काही पेशाने संदेष्टा नव्हे, हे तो स्वतःच सांगून टाकतो.

त्याच्या ग्रंथाचा आरंभ पहा. प्रथम दिमिष्काचे पाप, मग गज्जाचे, सोराचे, अदोमाचे, अम्मोनाचे, मवाबाचे. ऐकणारे माना डोलावीत असतील. सातवे नाव यहूदाचे, म्हणजे भाऊबंदांचे. तेही फारसे खुपले नसेल. आणि आठवे? खुद्द ऐकणाऱ्यांचे!

दिवस भरभराटीचे होते. आमोस हस्तिदंती घरांचा उल्लेख करतो, ती निव्वळ कविकल्पना नव्हे; १९३०च्या दशकात शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंताचे शेकडो कोरीव तुकडे सापडले. देवस्थानेही ओस नव्हती. यज्ञ, दशमांश, गायनवादन, सारे यथासांग. शब्बाथ केव्हा संपतो आणि दुकान केव्हा उघडतो, याची मात्र व्यापाऱ्यांना घाई. माप लहान, वजन खोटे, धान्यात भूस.

एक गोष्ट मला सर्वांत भेदक वाटते. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले, तर सूर्यास्तापूर्वी ते परत करावे, असा मोशेचा नियम होता. कारण रात्री थंडीत त्याला दुसरा आधार नसे. आमोस सांगतो की, अशी गहाणाची वस्त्रे अंथरून लोक वेदीजवळच लोळत होते. विचार करा, उपासना चालली आहे, आणि अंगाखाली दुसऱ्याचे पांघरूण!

बेथेलचा याजक अमस्या याने त्याला हुसकावले: हे राजाचे देवस्थान आहे, तू आपल्या यहूदात जाऊन पोट भर. पुढे इ. स. पूर्व ७२२च्या सुमारास अश्शूरांनी शोमरोन घेतले.

आम्हां ख्रिस्ती लोकांना आमोस आवडतो. १९६३ साली वॉशिंग्टनच्या त्या प्रचंड सभेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याच्याच वचनाचा आधार घेतला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. सरकारला, सावकाराला त्याचे शब्द लावून दाखविणेही आम्हांला छान जमते. म्हणजे पहिली सात नावे आम्ही मोठ्याने वाचतो.

माझेच सांगतो. नाताळापूर्वी मंदिराला रंग द्यावा, असे आमच्या पंचमंडळीने ठरविले. ठरावावर माझी सही आहे. मंदिर झाडणाऱ्या माणसाचे तीन महिन्यांचे वेतन तेव्हा थकले होते. वहीत तसे लिहिलेले होते, पण वही पाहतो कोण? मुलीच्या फीसाठी त्याने माझ्याकडे पाचशे रुपये उसने मागितले, तेव्हा मला ते कळले. पैसे दिले तर तोच माझे आभार मानू लागला. पुढच्या बैठकीत मी विषय काढला. “रंगाचे पैसे वेगळ्या खात्यातले आहेत, सर,” असे उत्तर मिळाले. हिशेबाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होते!

वाद झाला, दोघे माझ्यावर रागावले, आणि वेतन एकदाचे चुकते झाले. ते पाचशे रुपये मात्र तो दरमहा पन्नास-पन्नास करून आणून देतो. नको म्हटले तर ऐकत नाही.