लोखंड, गंधक आणि तेजाबाची टाकी



माझी शाळा सातवीत सुटली. रसायनशास्त्र मला एका टाकीने शिकवले.

धातू कोणता, हे कामगाराच्या हाताला ठाऊक असते. तो घणाखाली पसरतो, त्याची तार ओढता येते, ठोकला की खणखणतो. एक टोक तापले की दुसरे चटका देते. गंधकाच्या कांडीवर हातोडी मारा, भुगा होईल. वीज तिच्यातून जायची नाही. पण एवढ्यावर विसंबलो तर फसगत होते. पारा धातूच, पण पातळ. सोडियम चाकूने कापावा इतका मऊ. उलट पेन्सिलीतले ग्रॅफाइट अधातू असून वीज वाहते.

खरा भेद देण्याघेण्याचा आहे. धातू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सोडून देतो. अधातू बहुधा ते घेतो किंवा वाटून घेतो. म्हणूनच कॅल्शियमची चुनकळी पाण्यात विरली की तांबडा लिटमस निळा होतो, आणि गंधकाचा धूर पाण्यात विरला की निळा तांबडा.

आता टाकी. १९९४ साली एका तारेच्या कारखान्यात जस्ताचा मुलामा देण्यापूर्वी तारेचा गंज सौम्य गंधकाम्लात, म्हणजे आमच्या भाषेत तेजाबात, उतरवीत. रात्रपाळीला एकाने टाकीचे झाकण सारले आणि तिथेच विडी पेटवली. भडका उडाला, तोंड, हात भाजले. चौकशीत साहेब म्हणाले, "लोखंड पेटत नाही, तेजाब पेटत नाही. मग पेटले काय? यानेच रॉकेल आणले असणार." मी युनियनतर्फे शेजारी बसलो होतो. मला उत्तर आले नाही. ती शरम अजून गेलेली नाही.

रात्री पुतण्याचे शाळेचे पुस्तक उघडले. लोखंड आपले इलेक्ट्रॉन आम्लातल्या हायड्रोजनला देते आणि तो वायू होऊन सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत शेकडा ४ भाग झाला तरी पेटतो. तांब्याची तार असती तर त्या तेजाबात बुडबुडा आला नसता. गंधक तर नुसते तळाशी बसले असते.

पुढच्या तारखेला औषधाच्या लहान बाटलीत खिळे आणि टाकीतलेच तेजाब घेऊन गेलो. (मोठ्या बाटलीत कोणी हे करू नये.) जरा वेळाने तोंडाशी काडी धरली. फट्! साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

माणूस कामावर परतला. टाकीवर वायू ओढून नेणारा पंखा बसला. भरपाईला मात्र तीन वर्षे लागली.